तिसऱ्या मजल्यावरची पंगत

माझे वडील माझ्या घरी जेवत नाहीत. जेवणाचं सोडा, घोटभर पाणीही पीत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, जावयाशी तर त्यांचं माझ्यापेक्षा जास्त जमतं. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पूर्वी घरोघरी होती, आता बहुतेकांनी सोडून दिली. माझ्या मैत्रिणींचे आईवडील लेकीकडे महिना महिना राहतात आणि वर तिच्या वरणाला नावं ठेवतात. आमच्या बाबांचं मात्र सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आहे. आणि मला मूल झालेलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली.

म्हणून आम्ही बापलेक मॉलमध्ये जेवतो. चायनीज.

हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग विचारात पडतो, मग विषय बदलतो. मीही विचारात पडलेलीच आहे. फक्त मला विषय बदलता येत नाही.

आमच्या बऱ्हाणपुरातला मॉल म्हणजे फार काही समजू नका. खाली कपड्यांची दुकानं, मध्ये मोबाइल आणि खेळणी, वर तिसऱ्या मजल्यावर फूड कोर्ट. एक सरकता जिना आहे, तो बहुतेक वेळा सरकत नाही. बाबा त्याच्यावरून नेहमीच्या जिन्यासारखे चढतात आणि वर पोचल्यावर म्हणतात, "आज बी बंद." चालू असला तर त्यांना जास्त भीती वाटते. वर तीन काउंटर. एक डोशाचं, एक पिझ्झाचं, एक चायनीजचं. पिझ्झ्याच्या काउंटरवर कुणी उभं असलेलं मी क्वचितच पाहिलं. टेबलं स्टीलची, खुर्च्या लाल, आणि भिंतभर एका ताटाचा फोटो, ज्यातला एकही पदार्थ तिथं मिळत नाही.

बाबा कागद कारखान्यात मशीनवर होते. महाराष्ट्रातून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्यांची एक वसाहतच तिथं होती, तिथं मी वाढले. रिटायर झाल्यावर त्यांनी त्याच गावात दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि आई गेल्यापासून ते तिथं एकटे राहतात. स्वयंपाक स्वतः करतात. भाकरी माझ्यापेक्षा चांगली थापतात आणि ते बोलूनही दाखवतात. माझं सासर दापोऱ्याचं, केळीवालं. दीर शेती बघतात, नवरा बऱ्हाणपुरात ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो. आम्हाला घर आहे, गॅस आहे, फ्रिज आहे, जेवणाचं टेबल आहे. त्या टेबलावर माझे वडील कधी बसलेले नाहीत.

आईही बसली नाही. आईचं तर आणखीच विचित्र होतं. ती माझ्याकडे यायची, पदर खोचून माझ्याच स्वयंपाकघरात पुरण वाटायची, वर्षभराचा मसाला करून द्यायची, पण चमचाभर आमटी जिभेवर ठेवायची नाही. "बघ गं, मीठ झालं का बरोबर?" हे मलाच विचारायची. मी म्हणायची, आई, तू केलीस ना आमटी, तूच बघ. ती हसून म्हणायची, "नातू झाला की बघीन, सगळ्या पातेल्यांत हात घालून बघीन." ती माझ्या घरातला एक घासही न खाता गेली. याचा मला राग आहे. तो कुणावर काढायचा ते मला आजवर कळलेलं नाही.

आई गेल्यावर बाबांचे डोळे बिघडले आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी बऱ्हाणपुरात डॉक्टरकडे येणं सुरू झालं. सकाळच्या गाडीनं यायचे. हातात पिशवी, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली. डॉक्टर झाला की माझ्या घरी. सोफ्यावर बसायचे, बाटली मांडीवर ठेवायचे, नवऱ्याशी केळीच्या भावावर बोलायचे. जेवायची वेळ झाली की उठायचे. "जरा पाय मोकळे करून येतो."

पाय मोकळे करायला ते कुठं जातात हे मला एकदा कळलं. मी स्कूटीवरून भाजी घेऊन येत होते आणि स्टेशनकडे वळणाऱ्या रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीवर बाबा बसलेले दिसले. भर उन्हात. मांडीवर डबा, डब्यात भाकरी आणि लोणचं. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं आणि गॅसवर मी त्यांच्या आवडीचं भरीत करून ठेवलं होतं, सवयीनं, ते खाणार नाहीत हे माहीत असून. मी गाडी थांबवली. "बाबा, उठा."

"अगं जेवतोय."

"तेच म्हणतेय. उठा. बसा मागं."

नेणार कुठं हे माझं मलाच माहीत नव्हतं. हॉटेलात जायला त्यांची हरकत नव्हती, पैसे त्यांनी दिले तर. पण बऱ्हाणपुरातलं एकही हॉटेल यात बसत नव्हतं, कारण नवऱ्याला गावात सगळे ओळखतात. खानावळवाला असो की जिलेबीवाला, सगळ्यांच्या शेतात ह्यांच्याच नळ्या. बाबा पाकीट काढायला लागले की गल्ल्यावरचा हात जोडायचा, "अरे बाबूजी, आप तो हमारे भी ससुर हुए." मग बाबा ताटावरून उठायचे. जावयाच्या ओळखीचं हॉटेल म्हणजे जावयाचंच घर, असा त्यांचा हिशेब. म्हणून मला मॉल आठवला. तिथं कुणी कुणाला ओळखत नाही, त्यासाठीच तर लोक मॉलमध्ये जातात.

वर पोचल्यावर बाबांनी आधी उलटतपासणी घेतली. ही जागा कुणाची? जावईबापूंचा यात काही वाटा? इथं नळ्या लागतात का? मी म्हटलं, बाबा, तिसऱ्या मजल्यावर ठिबक कोण लावणार? मग ते चायनीजच्या काउंटरवर गेले. कढई हलवणारा कारागीर गोरा-गोमटा, बारीक डोळ्यांचा, बाबांना वाटलं चीनचाच असावा. त्यांनी फार अदबीनं विचारलं, "आप कहाँ के?"

"शाहपूर," तो म्हणाला.

बाबांचा चेहरा पडला. चीन परवडला असता. शाहपूर म्हणजे दापोऱ्याच्या आसपासचंच, आणि माझ्या सासरचे नातेवाईक त्या पट्ट्यात खोऱ्यानं. मग तिथं, मागं लोक ताटकळत असताना, दोघांची सोयरीक तपासली गेली. आडनाव काय, मामाकडचे कुठले, बहीण कुठं दिली. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल म्हातारा स्थळ घेऊन आलाय. जात निराळी, गाव निराळं, नातं कुठूनच लागत नाही अशी खात्री झाल्यावर बाबा खुर्चीवर बसले. "हां. ही जागा कोणाचीच नाही. चालेल इथं."

मी मंचुरियन आणि नूडल्स मागवलं. दुसरं काही तिथं धड मिळत नव्हतं, आणि पैसे बाबा देणार होते, त्यात तेच सगळ्यात स्वस्त होतं. लाल भडक रस्सा, वर कांद्याची पात, प्लास्टिकच्या ताटल्या. बाबांनी पिशवीतून कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी काढली. तेवढ्यात गणवेशातला एक माणूस आला आणि त्यानं भिंतीवरची पाटी दाखवली. बाहर का खाना लाना मना है.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या घरात आतलं खायचं नाही, इथं बाहेरचं खायचं नाही. माणसानं जेवायचं तरी कुठं? बाबा मात्र गंभीर. त्यांनी त्या माणसाला समजावलं की हे खाना नाही, ही भाकरी आहे, खाना तो आपका ही खा रहे हैं. चायनीजच्या काउंटरवर पैसे घेणाऱ्या बाई मान वळवून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "रहने दो भैया, बुजुर्ग आदमी हैं." आणि भाकरी राहिली.

बाबांनी आधी मंचुरियनचा एक गोळा आणि भाकरीचा तुकडा बाजूला काढला, गायीचा घास म्हणून. तिसऱ्या मजल्यावर गाय नाही हे त्यांना सांगायची मला हिंमत झाली नाही. त्यांनी तो कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मग भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला, कालवलं आणि पहिला घास घेतला.

"काय आहे हे?"

"मंचुरियन."

"कोबीची भजी आहेत, रश्श्यात टाकलेली. बरी आहेत. शेवभाजीची सर नाही. तिखट काहीच नाही यात, नुसता लाल रंग." आणि नूडल्सकडे बोट दाखवून, "ह्या शेवयांना कांदा कोण घालतं?" पण खाल्लं सगळं. मी त्यांच्या ताटात आणखी दोन गोळे वाढले. बऱ्याच वर्षांनी बाबांना वाढत होते.

मग माझ्या मनात आलं, हे चालतं कसं? मी विचारलं, "बाबा, मी वाढलेलं चालतं?"

"वाढणारी लेक, अन्न दुकानाचं. चालतं."

खाली उतरल्यावर त्यांनी खिशातला घास फाटकाजवळच्या गायीपुढं ठेवला. तिनं हुंगला आणि खाल्ला. आमच्या गावच्या गायींना काही चालत नाही असं नसतंच.

तेव्हापासून डॉक्टर झाला की मॉल, असं ठरून गेलं. काउंटरवरच्या बाई बाबांना ओळखायला लागल्या. शाहपूरचा कारागीर त्यांच्यासाठी रश्श्यात हिरवी मिरची जास्त टाकायचा. मला ते जेवण आवडायला लागलं, म्हणजे अन्न नाही, अन्न सुमारच, पण बाबा समोर बसून जेवताहेत हे आवडायला लागलं. आणि तरी दर वेळी घरी परतताना डोकं भणभणायचं. हा नियम नक्की कशाला लागू होतो? एकदा मी घरून ठेचा नेला होता, हळूच त्यांच्या ताटाशी ठेवला. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले, म्हणाले, "तुझ्या आईच्या हातचा वास आहे." आणि वाटी माझ्याकडे सरकवली. एकदा मी विचारलं, "आम्ही दत्तक घेतलं तर? मग जेवाल?" त्यांनी बराच वेळ घास चावला. "विचारावं लागेल."

"कुणाला विचारणार?"

"बघू," ते म्हणाले. दत्तकाचा विषय आमच्या घरातही असाच निघतो आणि असाच बसतो. नवरा तयार आहे. मी एक दिवस तयार असते, एक दिवस नसते.

सासूबाईंना या सगळ्याचं नवल वाटतं. त्या दापोऱ्याहून आल्या की म्हणतात, "तुया बापानं पानी पेलं तं का आभाय पडीन? आमी कदीच सोडलं हे." त्यांचं बरोबर आहे. पण बाबांचंही चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

औषधोपचाराचं सांगायचं तर तो सगळा प्रवास मी कुणाला सांगत नाही. भुसावळ झालं, जळगाव झालं, इंदूर झालं. इच्छापूरच्या देवीला आईनं नवस बोलला होता, तो तसाच राहिला. मग एका सकाळी चहा पिताना नवरा म्हणाला, "आता राहू दे." मी म्हटलं, "हं." एवढंच. कुणी रडलं नाही. तो दुकानात गेला, मी शाळेत गेले, तिथं मी शिकवते. दुसऱ्या कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

बाबा कधी विचारायचे नाहीत. फक्त गाडीत बसताना, पाय पायरीवर ठेवता ठेवता एक शब्द टाकायचे. "तब्येत?" मी म्हणायची, "ठीक." ते मान हलवायचे आणि आत जायचे. त्या एका शब्दात काय काय विचारलेलं असायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. उपचार सोडल्यावरही मी ठीकच म्हणत राहिले.

मग या उन्हाळ्यात ते झालं. डॉक्टरकडे गर्दी होती, बाबा दुपारी माझ्याकडे आले ते घामाघूम, ओठ कोरडे. सोफ्यावर बसले आणि एकदम मागं टेकले. बाटली रिकामी होती. मी ग्लास भरून आणला. त्यांनी हात आडवा केला. डोळे मिटलेले, पण हात बरोबर आडवा.

"मामा, घ्या ना," नवरा म्हणाला. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामा म्हणतो. बाबांनी मान हलवली. नवरा धावत शेजारी गेला आणि शेजारच्या वहिनींकडून तांब्या भरून घेऊन आला. ते पाणी बाबा घटाघटा प्यायले.

आता आमची आणि शेजाऱ्यांची बोअरवेल एक आहे. गच्चीवरची टाकी एक आहे. पाइप भिंतीतून दोन्हीकडे जातो. तेच पाणी, भिंतीच्या पलीकडून आलं म्हणून चाललं. मी हातात भरलेला ग्लास घेऊन उभी होते आणि मला वाटलं, हा ग्लास आता फेकावा. कुणावर फेकावा ते सुचलं नाही, म्हणून मीच पिऊन टाकला.

थोडं बरं वाटल्यावर बाबा म्हणाले, "चल, जेवून येऊ." जसं काही झालंच नाही. मॉलपर्यंत मी स्कूटी नेहमीपेक्षा जोरात चालवली. मंचुरियन आलं, त्यांनी भाकरी कुस्करली, गायीचा घास काढला. आणि मी बोलले.

"बाबा, मला मूल होणार नाहीये. आम्ही सगळं सोडून दिलं. औषधं, डॉक्टर, सगळं. कधीच सोडलं. आता तुम्ही माझ्या घरी कधी जेवणार आहात? आई गेली तशीच. तुम्हीही तसेच जाणार का? मग हे इथं लाल पाण्यात भजी बुडवून आपण काय करतोय?"

आवाज चढला असणार, कारण डोशाच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. बाबांचा हात ताटात होता तो तसाच राहिला. रस्सा बोटांवरून मनगटाकडे ओघळायला लागला. मग त्यांनी विचारलं, "जावईबापूंना माहीत आहे?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "बाबा, आम्ही दोघांनी मिळून सोडलं."

"हं," ते म्हणाले. आणि जेवायला लागले. खाली मान घालून, सावकाश, सगळं ताट संपवलं. मी माझं तसंच टाकलं. स्टेशनवर ते गाडीत चढले, आत गेले, खिडकीशी बसले. या खेपेला त्यांनी "तब्येत?" विचारलं नाही. गाडी हलल्यावर मला ते लक्षात आलं आणि मी प्लॅटफॉर्मवर बराच वेळ उगाच उभी राहिले.

पुढची तारीख आली तेव्हा मी धाकधुकीत होते. येतील की नाही? आले. डॉक्टरकडून थेट घरी आले, चपला काढल्या, आत आले, बसले. काहीतरी वेगळं दिसत होतं आणि ते काय हे मला पटकन कळेना. मग कळलं. हातात पिशवी नव्हती. डबा नव्हता, बाटली नव्हती. मोकळे हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, पाहुण्यासारखे.

"बेटा," ते म्हणाले, "पाणी दे. आणि जेवायला काय केलंय? आज इथंच जेवतो."

नवरा दुकानातून जेवायला आलेला होता. तो ताडकन उठला. त्याचा चेहरा असा फुलला की मला त्याची दया आली. "मामा! अरे वा, मामा! आज तर सणच झाला! मी श्रीखंड आणतो, पाच मिनिटं." आणि मला, "अगं उभी काय राहिलीस, पाणी आण ना."

मी स्वयंपाकघरात गेले. ग्लास घेतला, चांगल्यातला, माठाचं पाणी भरलं. आणि तिथंच थांबले. याच ग्लासासाठी मी इतकी वर्षं भांडले, रुसले, मागच्या खेपेला चारचौघांत ओरडले. पाणी भरलेलं हातात होतं, बाबा बाहेर तहानलेले बसले होते, मधे फक्त एक दार होतं. माझा पाय उचलेना.

का ते मला तेव्हाच कळलं, आणि कळलं म्हणून जास्त भीती वाटली. डॉक्टरांनी सोडलं होतं. नवऱ्यानं सोडलं होतं. मीही सोडलंय असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. बाबांनी मात्र सोडलं नव्हतं. त्यांच्या त्या डब्यात, बाटलीत, उन्हातल्या पायरीवरच्या जेवणात एक गोष्ट पक्की धरलेली होती, की माझ्या लेकीला मूल होणार आहे, थोडा वेळ लागतोय एवढंच. मी ज्याला हट्ट म्हणून शिव्या घालत होते, ते माझ्यासाठी धरलेलं काहीतरी होतं. आणि आता ते माझ्याच सांगण्यावरून हात मोकळे करून आले होते. त्यांनी हे पाणी प्यायलं की संपलं. मग मी खरोखरच निपुत्रिक. हा शब्द मी आजवर स्वतःबद्दल कधी उच्चारला नव्हता.

मी ग्लास ओट्यावर ठेवला, पर्स घेतली आणि बाहेर आले. "चला बाबा. मॉलला जाऊ."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. "अगं, मामा स्वतः मागताहेत," नवरा म्हणाला, "आणि तू त्यांना..."

"पाणी तिथं पिऊ."

"तूच तर म्हणत होतीस," बाबा म्हणाले. त्यांना रागही आला नव्हता, ते नुसते गोंधळले होते. चष्म्याआडून माझ्याकडे असे बघत होते की जणू मी दुसऱ्याच कुणाची मुलगी. "मी म्हटलं, तुला बरं वाटेल."

"मला बरं वाटतंय. चला."

ते उठले. नवऱ्यानं आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि काही विचारलं नाही, यासाठी मी आजही त्याचे उपकार मानते. स्कूटीवर बाबा मागं बसले होते, एक हात माझ्या खांद्यावर. मला मागं वळून त्यांच्याकडे बघावंसं वाटत होतं आणि बघायची हिंमतही नव्हती.

फूड कोर्टात पोचल्यावर ते आधी पाण्याच्या मशीनकडे गेले. उभ्याउभ्या एक ग्लास प्यायले, दुसरा प्यायले, तिसरा अर्धा प्यायले. इतकी तहान लागली होती त्यांना, आणि मी त्यांना तशी आणली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "बाबूजी, आज रोटी नहीं लाए?" बाबा म्हणाले, "भूल गया." आम्ही नेहमीचं मागवलं. भाकरी नव्हती म्हणून त्यांना काट्यानं नूडल्स खावे लागले. ते गुंडाळायचे, तोंडाशी नेईपर्यंत सुटून ताटात पडायचे. मी म्हटलं, हातानं खा ना. ते हातानं खायला लागले.

मला सांगायचं होतं, पण सांगायचं काय? की बाबा, मी खोटं बोलले? मी खोटं बोलले नव्हते. की मला अजून आशा आहे? ती आहे असंही मला म्हणता येत नव्हतं. डॉक्टरनं सांगितलेलं मला समजलं होतं, माझं वय मला माहीत होतं. मग मी कशाला अडून बसले होते?

त्यांनीच विचारलं, मान खाली ठेवून. "काय झालं, बाई?"

"अजून नको, बाबा," मी म्हटलं. आजूबाजूला लोक होते, पोरं खुर्च्या ओढत होती, काउंटरवर कुणाचा तरी नंबर पुकारत होते.

बाबांनी बोटं रुमालाला पुसली. एकेक बोट, सावकाश. मग तोच कोरडा केलेला हात माझ्या मनगटावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"बरं," ते म्हणाले. "तू सांगशील तेव्हा."

त्यानंतर ते बऱ्याचदा येऊन गेले. मी अजून सांगितलेलं नाही.